दारावरचा शब्द आणि कंपनीचा करार

मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांच्या फाटकापाशी सुट्टीच्या दिवशी छत्री उभारून आणि टेबल मांडून बसलेला इंटरनेट कंपनीचा विक्रेता हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. सध्याच्या जोडणीपेक्षा दुप्पट वेग, निम्मे पैसे, बसवणावळ माफ, चित्रपटांची सारी ॲप फुकट आणि न पटल्यास केव्हाही बंद करण्याची मुभा, अशी त्याची हमी असते. गृहस्थ सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरतो आणि जुनी जोडणी तोडून टाकतो. पहिल्या महिन्यातच त्याच्या ध्यानात येते की, सांगितलेल्या दरावर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा होता, फुकटची ॲप वरच्या दराच्या योजनेतच होती आणि 'केव्हाही बंद करा' याचा अर्थ उरलेले पैसे परत मिळतील असा मुळीच नव्हता. विक्रेता दूरध्वनी उचलीत नाही. कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र अतिशय नम्रपणे कळविते की, असे कोणतेही आश्वासन नोंदीत दिसत नाही.

या प्रकाराला एखाद्या विक्रेत्याचा लबाडपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ते खरे नाही. हा तरुण बहुधा कंपनीचा नोकर नसतोच. तो एखाद्या एजन्सीचा किंवा स्थानिक केबलचालकाचा माणूस असतो आणि त्याची कमाई जोडल्या गेलेल्या घरांच्या संख्येवर ठरते. तार घरात आली की त्याचे काम संपते. ग्राहकाची तक्रार त्यानंतर सुरू होते. खोट्या शब्दाने मिळालेला ग्राहक कंपनीच्या खाती जमा होतो आणि शब्द मात्र कोणाच्याच खाती जमा होत नाही. ज्या व्यवस्थेत बोलणारा एक, पैसे घेणारा दुसरा आणि उत्तर देणारा तिसरा असतो, तेथे प्रामाणिकपणाला तोशीस पडते आणि थापेला बक्षीस मिळते, यात नवल नाही.

शिवाय या धंद्याची परिभाषाच मदतीला धावून येते. '१०० एमबीपीएसपर्यंत' या जाहिरातीतला सारा मुत्सद्दीपणा शेवटच्या 'पर्यंत'मध्ये साठवलेला असतो. हा आकडा मेगाबिटचा असतो; आठ बिटांची एक बाइट होत असल्याने संगणकावर दिसणारा उतरणीचा वेग फार तर साडेबारा मेगाबाइट भरतो, आणि आतल्या खोलीत वायफायवर त्याहूनही कमी. 'अमर्याद' योजनेलाही मर्यादा असते. अनेक कंपन्यांकडे ती महिना ३३०० जीबीची आहे व ती ओलांडली की वेग घसरतो. सामान्य कुटुंब तेथवर सहसा पोचत नाही हे मान्य केले तरी, मर्यादा असलेल्या वस्तूस अमर्याद म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. सरकारी व्याख्येप्रमाणे 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यास २००४ साली २५६ केबीपीएस पुरत असत, २०१३ पासून ५१२ आणि जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. म्हणजे शंभराचे आमिष आणि दोनाचे बंधन! ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून जाहिरातीतला वेग गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळालाच पाहिजे, असा नियम आहे.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असे नव्हे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या तार कायद्यातील लवादाच्या कलमावर बोट ठेवून दूरध्वनीच्या तक्रारींना ग्राहक मंचाची दारे बंद केली होती. दूरसंचार नियामक प्राधिकरण एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. त्यामुळे कित्येक वर्षे ग्राहक अक्षरशः उंबरठ्याबाहेर उभा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ती दारे पुन्हा उघडली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही हा हक्क कायम ठेवला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची व्याख्या तर आणखी स्पष्ट आहे. सेवेविषयी केलेले खोटे विधान लेखी असो वा तोंडी, ती अनुचित व्यापारी प्रथाच ठरते.

अडते ते पुराव्यापाशी. ग्राहकाकडे असते फक्त आठवण. कंपनीकडे मात्र त्याने विक्रेत्याला वाचून दाखवलेला ओटीपी असतो, आणि तो सांकेतिक आकडा म्हणजे सर्व अटी वाचून दिलेली संमती, असे मानले जाते. त्या अटी टेबलापाशी उभे राहून कोणी वाचीत नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. विक्री दूरध्वनीवरून झाली असेल तर संभाषण ध्वनिमुद्रित होते खरे. पण ते कंपनीच्या ताब्यात राहते.

मोबाईलच्या बाबतीत जानेवारी २०११ पासून क्रमांक कायम ठेवून देशभर कंपनी बदलता येऊ लागली आणि ग्राहक निसटू शकतो ही धास्ती कंपन्यांना बसली. घरच्या इंटरनेटसाठी तशी सोय नाही. जुने राऊटर परत करा, अनामत मागा, आगाऊ भरलेल्या पैशांवर पाणी सोडा, आणि परत फिरायचे तर हेच सारे पुन्हा. पुष्कळ इमारतींत तर एकाच केबलचालकाची तार आत येऊ दिली जाते. तेथे बदलाची भाषाही फोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून नवी कंपनीच जुनीशी व्यवहार पुरा करते, आणि करारापूर्वी त्याचा लेखी सारांश देणे तेथे २०२२ पासून बंधनकारक आहे. अमेरिकेत २०२४ पासून दर, वेग व शुल्के दाखवणारी चिठ्ठी विक्रीच्या जागीच लावावी लागते.

असा एकपानी मराठी कागद येथेही ओटीपी मागण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती पडला पाहिजे. करासह एकूण रक्कम, गर्दीच्या वेळचा वेग, मुदतीपूर्वी सोडल्यास मिळणारा परतावा आणि विक्रेत्याचे नाव एवढेच त्यावर असले तरी पुरे. ध्वनिमुद्रणाची प्रतही मागताक्षणी मिळाली पाहिजे. खर्च वाढेल, अशी तक्रार कंपन्या करतीलच. पण फाटकापाशी वाटली जाणारी रंगीत पत्रके त्या आजही छापतातच की.