‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ यात अलंकार कोणता? पाठ न करता समजून घ्या भाषेचे हे दागिने

परभणीचे नाव निघाले की समोरचा माणूस दोनपैकी एक ओळ हमखास ऐकवतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ किंवा ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’. पहिलीत अभिमान आहे, दुसरीत टोमणा. जर्मनी आणि परभणीचा संबंध काय, याचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो. तरीही ओळ टिकून आहे, कारण ती पुराव्यावर उभी नाही, नादावर उभी आहे.

या नादालाच व्याकरणात शब्दालंकार म्हणतात. पोलिस भरतीपासून राज्यसेवेपर्यंत अनेक परीक्षांत मराठी व्याकरण असते आणि अलंकार हा त्यातला घाबरवणारा धडा. बहुतेक उमेदवार व्याख्या घोकतात आणि उदाहरण बदलले की गोंधळतात. प्रत्यक्षात हे अलंकार आपण रोज वापरतो.

नादाचा खेळ : शब्दालंकार

एकच अक्षर पुन्हा पुन्हा येऊन नाद तयार झाला की अनुप्रास. ‘जगात जर्मनी’मधला ‘ज’ हे त्याचे छोटे उदाहरण. अक्षरांचा गट ठरावीक जागी पुन्हा आला, पण अर्थ वेगळा असला की यमक. ‘बनी’ आणि ‘परभनी’ एकमेकांना टाळी देतात ते यामुळेच. मराठीतला ‘णी’ इथे ‘नी’ झाला, कारण ओळीचा साचा हिंदी-दख्खनीचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती, हे लक्षात घेतले तर त्याचे नवल वाटत नाही.

एकच कापूस, पाच अलंकार

अर्थालंकारात चमत्कृती नादात नसते, अर्थात असते. ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय आणि ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान. कापूस उपमेय आणि सोने उपमान धरा, मग फरक सहज कळतो.

• कापूस सोन्यासारखा आहे : उपमा. दोघे सारखे, पण वेगळे.
• कापूस म्हणजे जणू सोनेच : उत्प्रेक्षा. ‘जणू’, ‘वाटे’, ‘भासे’ या शब्दांवर लक्ष ठेवा.
• कापूस हेच पांढरे सोने : रूपक. दोघांत भेदच उरला नाही.
• हा कापूस नव्हे, हे सोने आहे : अपन्हुती. उपमेयाला चक्क नाकारले.
• कापूस सोन्याहून उजळ : व्यतिरेक. उपमेय उपमानाच्या पुढे गेले.

पाऊस खरेच दडी मारतो?

‘पावसाने दडी मारली’, ‘विहिरींनी तळ गाठला’ हे मथळे दर खरिपात दिसतात. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, असे वर्णन म्हणजे चेतनगुणोक्ती. बातमीला ती जिवंत करते, पण तिची दुसरी बाजूही आहे. ‘भाव गडगडले’ असे म्हटले की भाव जणू आपोआपच पडले. ते कोणत्या निर्णयामुळे पडले, आयात वाढली की खरेदी केंद्र उशिरा सुरू झाले, हा प्रश्न त्या एका क्रियापदामागे झाकला जातो.

गंगाखेडच्या जनाबाईंची शाळा

हे पुस्तकातच शिकावे लागते असेही नाही. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेडच्या संत जनाबाई नामदेवांच्या घरी राबल्या. दळण, कांडण, झाडलोट, शेण-गोवऱ्या ही त्यांची रोजची कामे आणि हीच त्यांच्या अभंगांची सामग्री. विठ्ठल त्यांच्या सोबत जात्याला बसतो. ते शब्दशः खरे का, यावर वाद घालणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कष्टात कुणीतरी आपला हात धरला आहे, ही भावना ज्याला दिसते त्याला अभंग कळतो. व्याख्या माहीत नसलेल्या ओवी म्हणणाऱ्या बायकांना तो शतकानुशतके कळत आला आहे.

पंचनाम्यात अलंकार चालत नाही

अलंकार ओळखता येणे महत्त्वाचे, तितकेच तो कुठे टाळायचा हे कळणेही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या तोंडी ‘होत्याचे नव्हते झाले’ हे शब्द होते. त्यातले दुःख खरे, पण सरकारी कागदाला ही भाषा कळत नाही. आपत्ती निधीच्या निकषांत पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. तिथे गट क्रमांक, क्षेत्र, पीक आणि टक्केवारी हेच बोलते. ‘सगळे वाहून गेले’ एवढेच सांगून थांबलेल्या माणसाचा तपशील कागदावर अर्धवट राहू शकतो.

उलट बाजूने, निवडणुकीची घोषणा, कर्जाची जाहिरात आणि मोबाइलवर फिरणारा संदेश हे सगळे अलंकार जाणीवपूर्वक वापरतात. यमक जुळले की वाक्य खरे वाटू लागते. ‘जगात जर्मनी’ ऐकून हसण्यात गैर काही नाही. पण तसाच ठेका धरून कुणी मत किंवा पैसे मागत असेल, तर ठेका बाजूला काढून उरलेले वाक्य एकदा वाचावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो सन्मान वर्गात पोहोचवायचा असेल, तर अलंकार एका गुणाच्या प्रश्नापुरता शिकवून भागणार नाही. मुलांना गावातली म्हण, बाजारातली पाटी आणि वर्तमानपत्रातला मथळा आणायला सांगावा. अलंकाराचे नाव नंतर विचारावे. आधी विचारावे की हे वाक्य काय दाखवते आणि काय झाकते?