हौशी ड्रोन आणि आकाशाची हद्द

२७ जून २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर जम्मू येथील हवाई दलाच्या तळावर लहान मानवरहित यंत्रांतून स्फोटके टाकण्यात आली. असा प्रसंग ओढवला म्हणजे कोणत्याही राज्यसंस्थेचा स्वाभाविक कल दारे लावून घेण्याकडे, हुकूम कडक करण्याकडे आणि प्रत्येक नागरिकाकडे संशयाने पाहण्याकडे असतो. तथापि त्या घटनेला दोन महिने पुरे होण्याच्या आत, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, केंद्र सरकारने जी ड्रोन नियमावली जारी केली ती आधीच्या सर्व नियमांहून उदार होती. अर्जांचे नमुने २५ होते ते ५ वर आले, शुल्कांचे प्रकार ७२ होते ते ४ वर आले, यंत्राच्या नोंदणीचे शुल्क अवघे १०० रुपये ठरले आणि दोन किलोपर्यंत वजनाचे यंत्र केवळ हौसेखातर उडवणाऱ्या गृहस्थाला वैमानिकाच्या प्रमाणपत्राची अट उरली नाही. सरकारने नागरिकांवर इतक्या उघडपणे विश्वास टाकल्याची उदाहरणे आपल्या कारभारात फार नाहीत, आणि म्हणूनच हौशी ड्रोनधारकांच्या बेपर्वाईची प्रत्येक बातमी वाचताना मला दंडाच्या रकमेपेक्षा त्या विश्वासाची चिंता अधिक वाटते.

ही सवलत सहजासहजी हाती आलेली नाही. मे २०१४ मध्ये मुंबईतील एका उपाहारगृहाने ड्रोनच्या साहाय्याने वरळीच्या एका इमारतीवर पिझ्झा पोहोचवला तेव्हा कौतुकाबरोबर पोलिसांची विचारणाही सुरू झाली; त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून खासगी व्यक्तींच्या ड्रोन उड्डाणाला सरसकट मनाई केली आणि ती मनाई व्यवहारात चार वर्षे टिकली. १ डिसेंबर २०१८ पासून परवानगीची वाट उघडली खरी, परंतु ती इतकी अडथळ्यांची होती की सामान्य छांदिष्टाने तिच्या वाटेला जाऊ नये. मार्च २०२१ ची नियमावलीही त्याच वळणाची होती व पाच महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. ज्यांनी हा काळ पाहिला त्यांना ठाऊक आहे की आजची मोकळीक ही लेखणीच्या एका फटकाऱ्याने मिळालेली असून तितक्याच सहजतेने ती काढूनही घेता येते.

नियमांचा गाभा एका बैठकीत समजण्याजोगा आहे. देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन विभाग पाडून त्यांचा नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर ठेवलेला आहे. हिरव्या विभागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, कोणाची परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा २०० फुटांपर्यंतच आहे. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रकाची आणि लाल विभागात केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी लागते. हा नकाशा बदलत असतो, म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी तो पाहणे सक्तीचे आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांविषयी मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे. या यंत्रांना वैमानिकाच्या प्रमाणपत्रातून सूट आहे, विम्यातून सूट आहे, नमुन्याच्या तांत्रिक प्रमाणपत्रातूनही सूट आहे. परंतु लाल विभागात शिरण्याची सूट त्यांना कोणीही दिलेली नाही. लोहगावचा तळ आणि खडकवासल्याची प्रबोधिनी जिथे आहे त्या पुण्यात, किंवा अणुसंशोधन केंद्र, गोदी, नौदल आणि भर वस्तीतला विमानतळ ज्या शहराने पोटात घेतले आहेत त्या मुंबईत, “माझे यंत्र लहान आहे” ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. शिवाय मुंबईचे पोलीस वेळोवेळी ३० दिवसांच्या मुदतीचे मनाई हुकूम काढून ड्रोन, पॅराग्लायडर आणि गरम हवेचे फुगे यांना बंदी करतात, ती निराळीच.

आपल्याकडील हौशी छायाचित्रकाराचे पाऊल शहरापेक्षाही डोंगराकडे अधिक वळते, आणि तेथे नियमाचे स्वरूप अधिक सूक्ष्म होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. कड्याच्या धारेवरून यंत्र सोडले आणि ते केवळ वीस मीटर उंच ठेवून सरळ पुढे नेले, तर हातातील पडद्यावर वीस मीटर हाच आकडा दिसत राहतो, कारण यंत्र आपली उंची जेथून उडाले त्या जागेपासून मोजते; पण धार ओलांडताक्षणी त्याच्याखाली कोकणातील जमीन शेकडो मीटर खोल गेलेली असते आणि कायद्याची ४०० फुटांची मर्यादा त्या जमिनीपासून मोजायची असते. उडवणाऱ्याने काहीही वाईट मनात आणलेले नसते, आकडाही निरपराध दिसतो, आणि तरीही मर्यादेचा भंग होऊन गेलेला असतो. त्यातच कड्यावर आदळून वर उसळणारा वारा असा असतो की पावसाळ्यात तो धबधब्याचे पाणी खाली पडू न देता उलट माथ्यावर उधळतो. जो वारा पाण्याचा प्रवाह परतवतो तो पाव किलोच्या खेळण्याला कोठे नेऊन टाकील याचा अंदाज घरच्या गच्चीवर केलेल्या सरावाने येत नाही. आणि हे सर्व बाजूला ठेवले तरी हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून यंत्र उडवणे हा आकाशाचा नकाशा काहीही सांगत असला तरी अपराधच होय.

अभयारण्याचा हा नियम पुष्कळांना जाचक वाटतो. त्यांनी नाशिकजवळच्या अंजनेरी आणि ब्रह्मगिरी यांच्या कड्यांकडे एकदा पाहावे. लांब चोचीची गिधाडे अशा उभ्या कड्यांच्या कपारींत घरटी करतात. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने त्यांचा देशभर संहार झाला, २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि उरलेल्या थोड्या पक्ष्यांवर आता त्यांच्या वंशाचा भार आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते, आणि तिचा विणीचा हंगाम हिवाळ्याचा, म्हणजे नेमका तोच, ज्या हंगामात आकाश निवळलेले असते, उन्हे मृदू असतात आणि डोंगरवाटा हौशी मंडळींनी फुललेल्या असतात. चार पंख्यांचे घोंघावणारे यंत्र घरट्यापुढे येऊन थबकले तर त्या पक्ष्याला शत्रू आल्याखेरीज दुसरा अर्थ लागणे शक्य नाही. तो उठतो, अंडे उघडे पडते, आणि वर्षभराची आशा एका चित्रफितीसाठी धोक्यात येते. सौंदर्याच्या ओढीने डोंगरावर गेलेल्या माणसाकडून असे व्हावे, याचे मला खरोखर दुःख वाटते.

किल्ल्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा लष्करी स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. हा मान मिळाल्यापासून रायगड, राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांची आकाशातून घेतलेली दृश्ये घरोघर पाहिली जातात, आणि राजगडाच्या तिन्ही माच्यांचा विस्तार अथवा विजयदुर्गाच्या तटाला वळसा घालणारे पाणी एका दृष्टिक्षेपात पाहिल्यावर त्या दुर्गरचनेमागची प्रज्ञा जशी मनावर ठसते तशी ती पुस्तकातल्या नकाशावरून ठसत नाही, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. म्हणूनच हे चित्रण परवानगीने व्हावे, चोरून होऊ नये. संरक्षित स्मारकावर उड्डाणासाठी पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. परंतु ज्या गडांची उभारणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने झाली त्यांच्या चित्रासाठी काही दिवस थांबण्यात कमीपणा कसला?

आता गर्दीविषयी. शंभर मीटरवरून निसटलेले यंत्र सुमारे पाच सेकंदांत जमिनीवर येते. पंढरीच्या वाटेवरील दिंडीत, लग्नाच्या मांडवात किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत उभ्या असलेल्या माणसाला त्या पाच सेकंदांत वर पाहण्याचेही भान नसते, मग बाजूला होण्याची गोष्टच नको. विजेरी संपणे, पाते तुटणे, लोखंडी तोफेजवळ वा मनोऱ्याजवळ होकायंत्र भरकटणे, ही काही अपवादात्मक संकटे नव्हेत. हा छंद करणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटतात. लग्नसमारंभात मोबदला घेऊन चित्रण करणाऱ्यांना हौशी म्हणून सवलत मागता येत नाही, त्यांना अडीचशे ग्रॅमच्या वरील यंत्रासाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते, ही बाब तर आपल्या तालुक्यांच्या गावी जणू कोणी ऐकलेलीच नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा तरी ही बाब गांभीर्याने घेतली गेली पाहिजे.

याहून नाजूक प्रश्न खासगीपणाचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. ड्रोनची नियमावली मात्र विमानतळांच्या व लष्करी तळांच्या रक्षणाविषयी जितकी दक्ष आहे तितकी गच्चीवर वाळवण घालणाऱ्या गृहिणीविषयी नाही. जेथे कायदा थोडे बोलतो तेथे सभ्यतेने अधिक बोलले पाहिजे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांतील कित्येक गावांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशा वार्ता पसरल्या आणि चोर टेहळणी करीत आहेत या भयाने गावकऱ्यांनी रात्री जागून काढल्या. त्यांतले खरे किती आणि अफवा किती हा भाग सोडला, तरी डोक्यावर कोणाचे यंत्र फिरते आहे आणि कशासाठी, हे न कळणाऱ्या माणसाची भीती खरी असते. रात्री, परक्या वस्तीवर, न सांगता ज्यांनी कधी हौसेने यंत्र उडवले असेल त्यांनी त्या जागरणांचा विचार करावा.

बेपर्वाईची किंमत किती दूरवर पोहोचते याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा धगधगत असताना एका गृहस्थाने तो पाहण्यासाठी वाहनतळाच्या इमारतीवरून आपला ड्रोन सोडला. यंत्र अडीच किलोमीटरच्या आसपास गेल्यावर नजरेआड झाले आणि आग विझवणाऱ्या विमानाच्या पंखावर आदळले. पंखाला भोक पडले आणि एका फेरीत सुमारे सहा हजार लिटर पाणी टाकणारे ते विमान ऐन वणव्यात जमिनीवर बसवावे लागले. त्या गृहस्थाने पुढे गुन्हा कबूल केला. त्याचा हेतू कुतूहलापलीकडचा नव्हता, आणि आपल्याकडील बहुसंख्य नियमभंगांमागचा हेतूही तोच असतो.

सरकारलाही येथे मोकळे सोडता येणार नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीला बंदी आहे, आणि तरी परदेशी बनावटीची यंत्रे बाजारात उघड विकली जातात किंवा अमेरिका-दुबईहून येणाऱ्या आप्तेष्टांच्या सामानातून घरात येतात. अडीचशे ग्रॅमच्या वरील अशा यंत्राला प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून नोंदणी क्रमांक नाही, आणि नोंदणी नाही म्हणून ते कायदेशीर उडवता येत नाही. पण हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार हे सांगत नाही आणि दुकानदाराला कोणी जाब विचारीत नाही. मनाई हुकूम निघतो तो कचेरीच्या फलकावर आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात; आकाशाचा नकाशा पाहायचा तर इंग्रजी आणि यंत्रज्ञान या दोहोंची सवय हवी. गडाच्या पायथ्याशी, अभयारण्याच्या नाक्यावर, तहसील कचेरीत आणि पोलीस ठाण्यात सोप्या मराठीत दोन फूट रुंदीचा फलक लावण्यास कोणत्या अंदाजपत्रकाची अडचण आहे? नियम न कळवता दंड वसूल करणे हा न्याय्य कारभार नव्हे.

परंतु फलक लागेपर्यंत हौशी माणसाने वाट पाहण्याचे कारण नाही. बेपर्वा उड्डाणाने एखादा मोठा अपघात घडला, तर २०१४ ची सरसकट मनाई परत आणण्याची मागणी सर्वप्रथम सामान्य लोकच करतील, आणि तिला उत्तर देणे कठीण जाईल. तेव्हा ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांना माझी विनंती इतकीच आहे: येत्या सुट्टीत ते बाहेर काढण्याआधी त्याची नोंदणी आणि विमा यांची स्थिती तपासा, त्या दिवसाचा नकाशा पाहा, जागा वनखात्याची वा पुरातत्त्व खात्याची असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि परवानगी मिळाली नाही तर यंत्र घरीच ठेवून गड पायी पाहून या.