उपाशी पिल्लू कुणाच्या खात्यावर?



वसईच्या पूर्व पट्टीत, कामण-पोमणपासून पारोळ-भाताण्यापर्यंत, कराराने कोंबड्या पाळणाऱ्यांना एक वाक्य पाठ झाले आहे. पक्षी उचलले, हिशेबाचा कागद आला, की सुपरवायझर म्हणतो, "काका, तुमचं खाद्य जास्त गेलं. एफसीआर बिघडला." म्हणजे कोंबडीने खाल्ले त्या मानाने वजन दिले नाही. दंड आपल्या मजुरीतून कापला जातो. आपण मान खाली घालून सही करतो. आपलेच काही चुकले असेल, ही आपली जुनी खोड.

चुकले कुठे, ते एकदा पाहूच. कंपनीचा हिशेब पिल्लू आपल्या दारात उतरले की सुरू होतो. पिल्लाचा त्याच्या आधीच सुरू झालेला असतो.

अंडे उबायला २१ दिवस लागतात. पण हजारो अंडी एका घटकेत फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात दिवस-दीड दिवसाचे अंतर पडते. सगळी निघाली की यंत्र उघडायचे, मग निवड, मोजणी, लस, खोके, गाडी. ती गाडी आपल्याकडे येणार घोडबंदरच्या खाडीपुलावरून, नाही तर भिवंडी-चिंचोटी रस्त्याच्या खड्ड्यांतून. तिथे किती तास जातात ते वसईकराला सांगायला नको. आधी जन्मलेले पिल्लू शेडमध्ये पहिला दाणा टिपते तेव्हा दोन दिवसांचे उपाशी असू शकते.

यावर उत्तर ठरलेले: "पोटात बलक असतो, तीन दिवस काही होत नाही." पिल्लू मरत नाही, हे खरे. पण जगणे वेगळे आणि वाढणे वेगळे. (शेतकऱ्याच्या बाबतीत हा फरक कुठल्या सरकारने केला नाही, पिल्लाच्या बाबतीत कंपनी कशाला करील?) इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठातील नॉय आणि स्क्लान या संशोधकांनी १९९० च्या दशकापासून या प्रश्नावर काम केले. त्यांना उलटेच दिसले. ज्याला लवकर खाद्य मिळते ते पिल्लू पोटातला बलकही लवकर वापरते. दाणा गेला की आतडे हलू लागते आणि बलक त्यात उतरतो. पहिल्या आठवड्यात आतडे बाकीच्या शरीरापेक्षा झपाट्याने वाढते. त्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे, ज्यांतून अन्न रक्तात जाते, ते याच दिवसांत उंच होतात. उपाशी पिल्लाचे ते खुजे राहतात. पुढे ते बरेचसे सावरते, पण विक्रीचा दिवस त्याच्यासाठी थांबत नाही. ३५ ते ४२ दिवसांच्या आयुष्यात पहिला आठवडा म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा झाला.

४०-४५ ग्रॅमचे पिल्लू सातव्या दिवशी निदान चौपट व्हायला हवे. त्या दिवशी १० ग्रॅम कमी, तर विक्रीच्या वेळी ५० ग्रॅम कमी, हा धंद्यातला रूढ ठोकताळा. ३,००० पक्ष्यांवर हे १५० किलो होतात. एफसीआर नुसता ०.१ ने वाढला तर दोन किलोच्या पक्ष्यामागे २०० ग्रॅम खाद्य जादा, म्हणजे ३,००० पक्ष्यांना ६०० किलो. ५० किलोच्या १२ गोणी! पिल्लू त्यांचे, खाद्य त्यांचे, गाडी त्यांची, आणि या बारा गोणी मात्र आमच्या.

आमचे काही चुकतच नाही, असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात ओल्या तुसावर पिल्ले सोडणारे आपल्यात आहेत. कोळसा वाचवायला पहिल्या रात्री शेगडी मंद करणारे आहेत. मीही एकदा केली होती, आणि सकाळी पिल्ले एका कोपऱ्यात गठ्ठा होऊन बसलेली पाहिली. गारठलेले पिल्लू दाण्याकडे जात नाही. दुसऱ्या दिवशी गळ्याखालची पिशवी चाचपून पाहा. शंभरातली पंचाण्णव भरलेली आणि मऊ लागली पाहिजेत. तसे नसेल आणि पिल्ले वेळेवर आली असतील, तर दोष आपला. तो दंड आपण भरू.

पण वेळेवर आली की नाही, हे ठरवणार कोण? चलनावर संख्या असते, लस असते, गाडीचा नंबर असतो. पिल्ले यंत्रातून किती वाजता काढली, हे माझ्या हाती आलेल्या एकाही चलनावर नव्हते. युरोपात काही ठिकाणी अठरा दिवस उबवलेली अंडी थेट शेडमध्ये नेऊन ठेवतात, पिल्लू दाण्याशेजारीच जन्मते. आम्ही तेवढे मागत नाही. आम्ही घड्याळ मागतो.

चलनावर पिल्ले काढल्याची वेळ हवी. उतरवताना शंभराचा खोका दोघांसमोर काट्यावर चढावा, रिकाम्या खोक्याचे वजन वजा करून आकडा लिहावा. सातव्या दिवशी सुपरवायझरने आपल्यासोबत पिल्ले तोलावीत आणि सही करावी. पिल्ले उशिरा किंवा हलकी आलेली असतील, तर त्या बॅचला एफसीआरचा दंड नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना मागच्या तीन बॅचची चलने आणि हिशेबाचे कागद घेऊन या. ज्याच्या चलनावर वेळ लिहिलेली सापडेल, त्याने ते सगळ्यांत आधी दाखवावे.