वीज अंगणात पडते, माणूस ओसरीत कोसळतो

भामरागड तालुक्यातील एका गावात मे महिन्याच्या संध्याकाळी घडलेली ही हकिगत आहे. सत्तरी ओलांडलेले आजोबा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. आजी आत खाटेवर होत्या. सूनबाई वाळत घातलेले कपडे घेऊन नुकत्याच उंबरठ्याच्या आत आल्या होत्या. तेवढ्यात अंगणाच्या कडेच्या मोहावर वीज पडली. डोळे दिपले, कानठळ्या बसल्या, भिंतीवरचा विजेचा मीटर काळा पडला आणि आजोबा एका अंगावर कलंडले. शुद्ध होती, परंतु दोन्ही पाय हलेनात. ते गार पडले आणि निळसर दिसू लागले. ‘म्हाताऱ्याला लकवा मारला’ म्हणून घरात रडारड झाली. दोन-अडीच तासांनी पायांत हळूहळू जीव आला. पुढे तपासणीत एका कानाचा पडदा फाटल्याचे आढळले. एवढ्यावर निभावले.

वाचकहो, या घरात वीज कोणाच्याही अंगावर पडली नव्हती. मग आजोबा कसे कोसळले? झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत उतरते आणि सभोवार पसरते. त्या जमिनीवर बसलेल्या माणसाच्या शरीरातून तिचा काही अंश जातो. तारांवाटे, नळाच्या लोखंडी पाइपांवाटे, ओल्या भिंतीवाटेही ती घरात शिरते. म्हणून ओसरीला मी घर मानीत नाही. पाऊस पाहत ओसरीत बसणे हे आपल्याकडील वृद्धांचे सुख आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही गडगडाट सुरू होताच त्यांना आत घ्यावे. पक्के घर अधिक सुरक्षित. मातीच्या किंवा पत्र्याच्या घरात तेवढी खात्री देता येत नाही. तेथे भिंत, खांब, खिडकी व तारा यांपासून दूर, खोलीच्या मध्यभागी लाकडी खाटेवर किंवा पाटावर बसणे एवढे तरी हाती असते. झाडाचा आडोसा मात्र कधीच नको. एप्रिल २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, देसाईगंज तालुक्यात, पावसामुळे दुचाकी थांबवून झाडाखाली उभे राहिलेले आई-वडील आणि त्यांच्या दोन लहान मुली वीज पडून गेल्या.

वृद्ध असलेल्या घराच्या अडचणी थोड्या निराळ्या असतात, आणि सूचनापत्रकांत त्या सहसा येत नाहीत. पहिली अडचण ऐकू न येण्याची. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, असा नियम आहे. परंतु ज्यांना गडगडाटच ऐकू येत नाही त्यांनी काय मोजावे? त्यांच्यासाठी हे मोजणे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचे असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप आसपासच्या विजांची सूचना देते. पण भामरागडच्या जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

दुसरी अडचण लघवीची. प्रोस्टेटचा त्रास असलेले किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे आजोबा वादळातही अंगण ओलांडून शौचालयाकडे निघतात. त्यांना रागावू नये. पावसाळी रात्री खाटेजवळ भांडे ठेवावे. ज्यांच्याकडे ऑक्सिजनचे यंत्र आहे, त्यांनी ढग भरून येताच सिलिंडर तयार ठेवावा. यंत्राची तार भिंतीतून काढता येते, रुग्णाचा श्वास थांबवता येत नाही. चार्जिंगला लावलेल्या मोबाइलवर बोलू नये. तार काढलेला मोबाइल वापरण्यास हरकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला तत्काळ हात लावता येतो. घरातली तार तुटून त्याच्या अंगावर पडली असेल, तर मात्र आधी मुख्य बटण बंद करावे. वीज लागलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. जे दगावतात ते बहुधा हृदय व श्वास बंद पडल्याने. पुष्कळदा हृदय आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास लवकर सुरू होत नाही, आणि प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबते. म्हणूनच मेल्यासारखा दिसणारा माणूस आधी पाहावा. जो ओरडतो आहे तो थोडा थांबू शकतो. श्वास नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब द्यावा आणि दर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडेल या भीतीने थांबू नये. मोडलेली बरगडी जुळते. एकाने हे करावे, दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. पर्लकोटेला पूर आला की गाडी पलीकडेच अडते आणि जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर आहे; ती पहिली दहा मिनिटे घरच्यांचीच असतात. शेजारच्या छत्तीसगडमधून वीज लागलेल्यांना शेणात पुरल्याच्या बातम्या येतात. शेण विजेचे काहीही शोषून घेत नाही. त्यात फक्त वेळ जातो आणि छातीवर भार पडतो. घरात पायाळू मूल असल्याने वीज आली, हेही कृपा करून त्या मुलासमोर बोलू नये.

आजोबांच्या पायांना झाले तो विजेने येणारा तात्पुरता लुळेपणा होता. तो बहुधा काही तासांत ओसरतो. नेहमीचा लकवा सहसा शरीराच्या एका बाजूला येतो. तथापि हा निवाडा घरी करू नये, कारण वादळाच्या रात्री खरा लकवाही येऊ शकतो. माणूस ठणठणीत दिसला तरी हृदयाचा आलेख काढून घ्यावा; पेसमेकर असेल तर तो तपासून घ्यावा. कान दुखतो म्हणून तेल कोमट करून घालण्याची सवय घरोघरी आहे. फाटलेल्या पडद्यावर ते घातक ठरते. कान कोरडा ठेवावा. विजेनंतर काही आठवड्यांनी, कधी वर्षभरानेही, मोतीबिंदू होऊ शकतो. झोप उडणे, विसरभोळेपणा, ढग दिसताच छातीत धडधड, हेही महिनोन्‌महिने राहते आणि ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्षित होते. म्हणून त्या दिवसाची तारीख आजोबांच्या औषधांच्या फाइलीत पहिल्या पानावर लिहून ठेवावी, आणि पुढे डोळ्यांच्या किंवा कानाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती त्यांना दाखवावी.