हरणाऱ्या प्रशिक्षकावर भरवसा कधी ठेवावा?

१४ जानेवारी २०२४ च्या रात्री डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर लायन्सने लॉस एंजेलिस रॅम्सला २४-२३ असे हरवले. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दर जानेवारीत बाद फेरीचे सामने होतात आणि कोणी ना कोणी अगदी थोडक्यात जिंकतेच. डेट्रॉइटला मात्र त्या रात्री झोप आली नाही. १९५७ च्या विजेतेपदानंतर या संघाने बाद फेरीतला एकच सामना जिंकला होता, तोही ५ जानेवारी १९९२ ला, डॅलस काउबॉइजविरुद्ध. म्हणजे तिशीच्या आतल्या एकाही डेट्रॉइटकराने आपल्या संघाला अशा सामन्यात जिंकताना पाहिले नव्हते.

२०२३ च्या या हंगामाची गोष्ट अमेरिकी माध्यमांनी बहुतेक वेळा एकाच माणसाभोवती गुंफली: मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल. धिप्पाड देह, खर्जातला आवाज, पत्रकार परिषदेत दाटून येणारा कंठ. जानेवारी २०२१ मध्ये पद स्वीकारताना कॅम्पबेल म्हणाले होते की, आमचा संघ खाली पडला तरी उठता उठता समोरच्याच्या गुडघ्याची वाटी चावून घेईल. तेव्हा देशभर त्यांची टिंगल झाली. २०२३ चा हंगाम १२ विजय आणि ५ पराभव असा संपल्यावर तीच वाक्ये कौतुकाने सांगितली जाऊ लागली.

गोष्ट रंजक आहे, पण तिच्यात खरा निर्णायक क्षण येतच नाही. तो क्षण १५ महिने आधीचा, ऑक्टोबर २०२२ मधला आहे. त्यात ना प्रेक्षक होते, ना जल्लोष. होती ती फक्त संघाच्या मालकीणबाईंनी पत्रकारांसमोर घेतलेली भूमिका.

त्या वेळी कॅम्पबेल यांच्या खात्यावर ४ विजय, १८ पराभव आणि १ बरोबरी जमा होती. २०२१ चा पहिला हंगाम ३-१३-१ असा गेला होता आणि पहिला विजय मिळायला डिसेंबर उजाडला होता. दुसऱ्या हंगामात सहापैकी पाच सामने हातचे गेले होते. एनएफएलमध्ये याहून कमी पापांसाठी प्रशिक्षकांना घरी पाठवतात. मालकीण शीला फोर्ड हॅम्प यांनी मात्र कॅम्पबेल आणि सरव्यवस्थापक ब्रॅड होम्स या दोघांवरही आपला पूर्ण विश्वास असल्याचे जाहीर केले आणि चाहत्यांना धीर धरायला सांगितले. पुढच्याच रविवारी संघ मियामीकडूनही हरला. त्यानंतरच्या दहा सामन्यांपैकी आठ त्याने जिंकले. हंगाम ९-८ वर संपला आणि शेवटच्या लढतीत लायन्सने ग्रीन बे पॅकर्सला त्यांच्याच मैदानावर २०-१६ असे हरवून बाद फेरीबाहेर काढले. स्वतः लायन्सची संधी त्याच दिवशी काही तासांपूर्वी हुकली होती, तरीही.

इथे ‘संयमाचे फळ गोड असते’ असे म्हणून मोकळे होता आले असते. अडचण अशी की, याच संघाने, याच फोर्ड घराण्याने एकदा भरपूर संयम दाखवला होता आणि त्याचे फळ विषारी निघाले होते.

हेन्री फोर्ड यांचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांच्याकडे १९६४ पासून संघाची मालकी होती. २००१ मध्ये त्यांनी मॅट मिलेन या माजी खेळाडूला आणि टीव्ही समालोचकाला संघाचे अध्यक्ष केले. संघव्यवस्थापनाचा मिलेन यांना अनुभव नव्हता. तरीही फोर्ड यांनी त्यांना साडेसात वर्षांहून अधिक काळ पदावर ठेवले. या काळात संघ ३१ सामने जिंकला आणि ८४ हरला. सप्टेंबर २००८ मध्ये मिलेन गेले, पण त्यांनी उभा केलेला संघ त्या हंगामातले सोळाच्या सोळा सामने हरला. ०-१६ ही नामुष्की त्याआधी कोणत्याही संघाच्या वाट्याला आली नव्हती. डॅन कॅम्पबेल तेव्हा लायन्सचेच खेळाडू होते; दुखापतीमुळे त्यांना बाहेर बसावे लागले होते.

हे सगळे अशा लीगमध्ये घडले, जिथे हरणाऱ्याला सावरण्याची सोय नियमांतच आहे. दरवर्षी महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’मधून होते आणि तिथे तळाच्या संघाला पहिला मान मिळतो. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसे ३२ संघांत सारखे वाटले जातात. आयपीएलच्या लिलावात संघांच्या खर्चाला मर्यादा असते, तशी इथेही पगारांच्या एकूण रकमेला मर्यादा आहे. २०२३ मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. वरच्या श्रेणीतून खाली ढकलले जाण्याची भीती नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरात खेळापुरता हा चक्क समाजवाद आहे. मिलेन यांच्याही हाती हाच ड्राफ्ट होता. त्यांनी २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे पहिल्या फेरीची निवड पास झेलणाऱ्या ‘रिसीव्हर’वर खर्च केली. २००७ मध्ये पुन्हा रिसीव्हरच घेतला. तो चौथा, कॅल्व्हिन जॉन्सन, थोर निघाला. पण चेंडू झेलणारे जमवले आणि बाकीचा संघ उघडा राहिला, तर थोर रिसीव्हर तरी काय करणार?

उलट बाजूही डेट्रॉइटने अनुभवली आहे. जिम काल्डवेल यांनी २०१४ ते २०१७ या चार हंगामांत ३६ विजय आणि २८ पराभव अशी कामगिरी केली, दोनदा बाद फेरी गाठून दिली. ‘एवढ्यावर भागणार नाही’ म्हणून त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेले मॅट पॅट्रिशिया १३ विजय आणि २९ पराभवांनंतर नोव्हेंबर २०२० मध्ये गेले. म्हणजे जिथे धीर धरायला हवा होता तिथे घाई झाली आणि जिथे घाई हवी होती तिथे वर्षानुवर्षे कोणी हलले नाही.

मग २०२२ मध्ये हॅम्प यांना नेमके काय दिसले? गुणतक्ता पाहणाऱ्याला जे दिसत नव्हते ते. त्यांच्या निवेदनानंतर लगेच झालेला मियामीचा सामना धरला तर सुरुवातीच्या सहा पराभवांपैकी चार हे तीन किंवा चार गुणांनी झालेले होते: फिलाडेल्फियाविरुद्ध ३५-३८, मिनेसोटाविरुद्ध २४-२८, सिअ‍ॅटलविरुद्ध ४५-४८, मियामीविरुद्ध २७-३१. या सामन्यांत आक्रमण धडाधड गुण मिळवत होते, बचाव तेवढेच उधळत होता. रोग कुठे आहे ते स्पष्ट दिसत होते आणि तो बरा होण्याजोगा होता. धीर धरणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हेही तेव्हाच दिसले. मियामीच्या पराभवानंतर लगेच बचावफळीच्या एका प्रशिक्षकाला निरोप देण्यात आला.

दुसरी गोष्ट होती आखणी. होम्स यांनी सूत्रे हाती घेताच बारा वर्षे संघात असलेला ‘क्वार्टरबॅक’ (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सला देऊन टाकला. बदल्यात मिळाला जॅरेड गॉफ, जो रॅम्सला नकोसा झाला होता. आणि त्याच्यासोबत पहिल्या फेरीच्या दोन व तिसऱ्या फेरीची एक निवड. स्टॅफर्डने पहिल्याच वर्षी रॅम्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. डेट्रॉइट तेव्हा तळाशी होते. चाहत्यांना हे किती झोंबले असेल ते सांगायला नको. होम्स यांनी मात्र २०२३ च्या ड्राफ्टमध्ये रॅम्सकडून आलेली सहाव्या क्रमांकाची निवड अ‍ॅरिझोनाला दिली आणि तिच्यातून बारावी व चौतिसावी निवड मिळवली. बाराव्या क्रमांकावर त्यांनी चेंडू घेऊन धावणारा जमीर गिब्स घेतला. एवढ्या लवकर ‘रनिंग बॅक’ कोणी घेते का, म्हणून तज्ज्ञांनी नाके मुरडली. चौतिसाव्यावर आला सॅम लापोर्टा. पहिल्याच हंगामात ८६ पास झेलून त्याने नवोदित ‘टाइट एंड’चा विक्रम मोडला. रॅम्सविरुद्धच्या त्या सामन्यात लायन्सने चेंडू शेवटच्या रेषेपार नेत तीन टचडाउन केले. त्यांतले दोन गिब्स आणि लापोर्टाचे. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक होता स्टॅफर्ड. लायन्सकडून गॉफ २७७ यार्डांचे पास देत होता आणि स्टेडियम त्याच्या नावाचा गजर करत होते.

रिसीव्हर आमोन-रा सेंट ब्राउनची निवड तर चौथ्या फेरीतली, ११२ वी. आपल्याआधी निवडल्या गेलेल्या सोळाही रिसीव्हरांची नावे त्याला पाठ आहेत. अशा माणसाला वेगळे पेटवावे लागत नाही; त्याला संघात आणणाऱ्याची नजर तेवढी तयार लागते.

या पायावर २०२३ चा हंगाम उभा राहिला. सुरुवातच गतविजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, आणि निकाल २१-२० असा लायन्सच्या बाजूने. नवोदित ब्रायन ब्रँचने पास मध्येच हिसकावून पन्नास यार्ड धाव घेतली आणि टचडाउन केला. २४ डिसेंबरला मिनेसोटाला ३०-२४ असे हरवून लायन्सने गटाचे विजेतेपद पटकावले; ते १९९३ नंतरचे पहिले. पुढच्याच आठवड्यात डॅलसमध्ये शेवटच्या क्षणी दोन अतिरिक्त गुणांचा डाव यशस्वी झाला, पण पास झेलणाऱ्या टेलर डेकरने आपण पात्र असल्याची नोंद पंचांकडे केली नाही, असा निर्णय झाला आणि सामना १९-२० असा गेला. डेकरने नोंद केली होती की नाही, यावर चाहते आजही तावातावाने भांडतात.

बाद फेरीत रॅम्सनंतर टँपा बे बकनियर्सचा ३१-२३ असा पराभव झाला. सुपर बोल एका सामन्यावर आला. २८ जानेवारीला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध लायन्स मध्यंतराला २४-७ ने पुढे होते. सामना त्यांनी ३१-३४ असा गमावला.

या पराभवाचे खापर अजूनही कॅम्पबेल यांच्यावर फुटते, म्हणून तो नीट पाहायला हवा. या खेळात संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फसले आणि गोल आवाक्यात असेल, तर बहुतेक प्रशिक्षक चौथ्या प्रयत्नात चेंडूला लाथ मारून तीन गुणांचा फील्ड गोल करू पाहतात. कॅम्पबेल यांनी दोनदा हा सुरक्षित मार्ग नाकारला. एकदा संघ २४-१० ने पुढे असताना, दुसऱ्यांदा २४-२७ ने मागे असताना. दोन्ही डाव फसले. पराभव तीन गुणांचा आणि नाकारलेले फील्ड गोल दोन, म्हणजे हिशेब सोपा झाला, असे टीकाकारांना वाटले.

हिशेब एवढा सोपा नाही. पहिल्या डावात मोकळ्या जोश रेनॉल्ड्सच्या हातातून चेंडू निसटला. डाव बरोबर होता, झेल चुकला. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोचा एक लांब पास डेट्रॉइटच्या बचावपटूच्या चेहऱ्यावर आपटून उडाला आणि ब्रँडन आयुकच्या हातात जाऊन विसावला. ५१ यार्ड फुकटात गेले. लगेच गिब्सच्या हातून चेंडू सुटला. शिवाय ४५ यार्डांहून लांबचे फील्ड गोल म्हणजे हमखास गुण नव्हेत. मुख्य म्हणजे कॅम्पबेल वर्षभर असेच खेळले होते आणि त्याच धाडसावर बारा सामने जिंकले होते. जिंकताना ज्याला हिंमत म्हटले, त्यालाच हरल्यावर मूर्खपणा म्हणणे ही निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्याची जुनी खोड आहे. तीच खोड ऑक्टोबर २०२२ मध्ये हॅम्प यांना लागली असती, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर उतरायला हा संघच उरला नसता.

या हंगामाने डेट्रॉइट शहराला नवा जन्म दिला, असेही बरेच लिहिले गेले. त्यात अतिशयोक्ती आहे. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२० मध्ये सहा लाख चाळीस हजारांवर आले होते. जुलै २०१३ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. शहराची सावरासावर लायन्सच्या आधीपासून सुरू आहे आणि तिचा हिशेब कारखाने, कर आणि घरांच्या किमतींत मांडावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये एनएफएलचा ड्राफ्ट डेट्रॉइटमध्ये झाला, तेव्हा तीन दिवसांत पावणेआठ लाखांहून अधिक लोक आले. वाहन उद्योगानिमित्त त्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ही गर्दी अनुभवली. गर्दी खरी होती, आनंद खरा होता. पण तिच्यामुळे शहराचे प्रश्न सुटले, असे सांगणे म्हणजे संघाला न पेलणारे ओझे त्याच्या डोक्यावर देणे आहे.

२०२४ मध्ये लायन्स त्याहून वरचढ ठरले: १५ विजय, २ पराभव. बचावाचा आधारस्तंभ एडन हचिन्सन ऑक्टोबरमध्येच पाय मोडून बाहेर गेला, दुखापतींची रांग लागली आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनने त्यांना ४५-३१ असे हरवले. आक्रमण आणि बचाव सांभाळणारे दोन्ही सहप्रशिक्षक लगेच दुसऱ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले. सुपर बोल त्याही वर्षी हुकला.

म्हणून कोणी विचारेल, एवढा धीर धरून मिळाले काय? मालकांनी आणि चाहत्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण करंडक मोजून त्याचे उत्तर मिळणार नाही. पराभव किती गुणांनी होत आहेत, नव्या मुलांचा खेळ वाढतो आहे का, चूक सापडल्यावर ती दुरुस्त होते का, ही तपासणी मिलेन यांच्या काळात कोणी केली नाही आणि काल्डवेल यांच्या वेळी करण्याआधीच निकाल दिला गेला. हॅम्प यांनी ती केली. त्यांचा निर्णय ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्या हंगामातला एकच विजय हाती असतानाही, बरोबरच होता.