पारा मोरीत ओतू नका

जपानमधील मिनामाता उपसागराच्या काठी १९५६ साली मज्जासंस्थेच्या एका अनोळखी विकाराची नोंद झाली. रुग्णांचे हात थरथरत, वाचा अडखळे, नजर अधू होई. कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा मासळीवाटे ताटात परतला होता.

आपल्या घरातील जुन्या थर्मामीटरमध्ये आणि रक्तदाबमापकातही पारा असतो. मोरीत ओतलेला पारा समुद्राला मिळाल्यास तेथील सूक्ष्मजीव त्याचे अधिक विषारी संयुग बनवतात आणि ते मोठ्या माशांच्या अंगी साठत जाते.

थर्मामीटर फुटल्यास खिडक्या उघडाव्यात, नातवंडांना दूर ठेवावे. झाडू वापरू नये. हातमोजे घालून जाड कागदाने थेंब गोळा करावेत, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून घातक कचरा म्हणून पालिकेकडे वेगळे द्यावेत. समुद्राकडे जाणारी ही एक वाट तरी आपल्याला घरातच अडवता येते.