लोकसहभाग की नुसती हजेरी?

ग्रामविकासाच्या शासकीय परिपत्रकांत ‘लोकसहभाग’ हा शब्द हटकून असतो. प्रत्यक्षात अनेकदा आराखडा कचेरीत होतो, ठेकेदार वरून ठरतो आणि ग्रामस्थांच्या वाट्याला येतो तो उद्घाटनाचा नारळ! यालाच सहभाग म्हणायचे, तर हजेरी कशाला म्हणावे?

महाराष्ट्राला हा धडा बाहेरून शिकण्याची गरज नाही. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरला. भूमिहीनालाही हक्क मिळाला आणि उसाला पाणी नाकारले गेले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हीच दिशा धरली. १९९२ साली सुरू झालेल्या आदर्श गाव योजनेचा निधी शासनाचाच होता. परंतु कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्बंध ग्रामसभेने स्वतःवर घालून घेतला. पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद आधी, पिकांची निवड नंतर, ही तेथील शिस्त आहे.

याउलट जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढविण्यात फारसे यश आले नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२०मध्ये ठेवला. त्यावर राजकीय चिखलफेक भरपूर झाली. मूळ प्रश्न तसाच राहिला. यंत्राने नाला आठवड्यात खोल होतो, पण साठलेले पाणी कोणी व किती उपसायचे, हे यंत्र ठरवीत नाही. ते ठरविण्याचा अधिकार शासनाने मनापासून सोडलेला नाही आणि तो पेलण्याची जबाबदारी बहुसंख्य गावांनी मागितलेलीही नाही. अनुदान आपल्यासाठी आणि निर्बंध शेजाऱ्यासाठी, ही वृत्ती असेल तर कोणतेही शासन दुष्काळ हटवू शकणार नाही.

अभियानाचा दुसरा टप्पा २०२३मध्ये सुरू झाला. तो तरी खुदाईच्या घनमीटरांत मोजला जाऊ नये. ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद आणि पीकनियमन संमत केल्याखेरीज निधीचा हप्ता देऊ नये, आणि तसे संमत करणाऱ्या गावाच्या आराखड्यात अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. शासनाने अधिकार सोडावा, समाजाने संयम स्वीकारावा. भागीदारी याहून स्वस्तात होत नाही.